क्रॅब नेब्युला किती पसरला? कोल्हापुरातनं स्वतः मोजायचं असेल तर

क्रॅब नेब्युला, म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याच्या मलब्याचा ढग, पसरतोय हे आकाशाची आवड असलेल्या सगळ्यांनी कुठंतरी वाचलेलं असतं, पण ते पसरणं आपण घरी बसून मोजू शकतो आणि त्या मापावरनं तो तारा कधी फुटला ते साल काढू शकतो, हे सांगितलं की बऱ्याच जणांना पटत नाही. होतंय ते, खरंच होतंय. गणित दहावीचं आहे, सॉफ्टवेअर सगळं फुकट आहे, दुर्बीण असली तर भारीच आणि नसली तरी काही अडत नाही. लागतो तो निवांत वेळ, आणि आलेल्या आकड्याशी प्रामाणिक राहायची तयारी. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, त्याच्याविषयी खाली येतंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. ४ जुलै १०५४ ला चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत एक नवीन "पाहुणा तारा" नोंदवला. २३ दिवस तो भर दिवसा दिसत होता आणि रात्रीच्या आकाशात एप्रिल १०५६ पर्यंत टिकला. आपल्याकडं जुलै म्हणजे ऐन पाऊस, त्यामुळं सुरुवातीला कुणाला दिसला नसेल हे समजू शकतो, पण पावसाळ्यानंतरही तो वर्षभर आकाशात होता. जयंत नारळीकर, जन्मानं आपल्या कोल्हापूरचेच, यांनी संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांना सोबत घेऊन जुन्या भारतीय ग्रंथांमध्ये या ताऱ्याची नोंद शोधली होती. पक्की म्हणावी अशी नोंद मिळाली नाही. त्या स्फोटाचा जो मलबा उडाला तोच आजचा क्रॅब, म्हणजे मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं केलेल्या आकाशातल्या धूसर ठिपक्यांच्या यादीतला पहिला नंबर, एम १. आपल्यापासून साधारण ६५०० प्रकाशवर्षं लांब.

हा मलबा सेकंदाला सुमारे १५०० किलोमीटर वेगानं बाहेर पळतोय. दिवसाचा हिशोब केला तर जवळजवळ १३ कोटी किलोमीटर होतात. एवढा वेग असून आपल्याला मात्र तो वर्षाला आर्कसेकंदाच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढाच सरकताना दिसतो, कारण अंतर तेवढं प्रचंड आहे. (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक भाग म्हणजे एक आर्कसेकंद.) एका वर्षात हे मोजणं आपल्या आवाक्याबाहेर, पण सत्तर वर्षांत तेच दहा-तेरा आर्कसेकंद होतं, आणि ते साध्या फोटोत डोळ्यांनी दिसतं. सगळी युक्ती एवढीच, जुना फोटो आणि नवा फोटो. १९२१ मध्ये जॉन डंकन यांनी माउंट विल्सनच्या प्लेट्सवर हेच केलं, त्यांच्याकडं जेमतेम ११ वर्षांचा फरक होता, पुढं १९२८ मध्ये हबल यांनी त्या वेगावरनं मागं हिशोब करून हा १०५४ चाच तारा असणार असं सांगितलं. आपल्याला सत्तरहून जास्त वर्षांचा फरक आयता मिळतोय.

दुसरे सुपरनोव्हाचे, म्हणजे फुटलेल्या ताऱ्यांचे, अवशेष का नाहीत, असं विचाराल तर कॅसिओपिया ए वेगानं पसरतो पण आपल्या कॅमेऱ्यात फार अंधुक येतो, व्हेल (Veil) नेब्युला सुंदर दिसतो पण तो हजारो वर्षं जुना आणि मंदावलेला. नवख्या माणसानं क्रॅबच घ्यावा, यात मला तरी शंका नाही.

जुना फोटो मिळवा

पालोमार वेधशाळेनं १९५० च्या दशकात सगळं उत्तर आकाश काचेच्या प्लेट्सवर टिपलं, त्या प्लेट्स नंतर स्कॅन झाल्या आणि डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे म्हणजे डीएसएस या नावानं नेटवर फुकट मिळतात. स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटच्या साइटवर डीएसएसचं पान आहे, तिथं ऑब्जेक्टच्या जागी एम १ टाका, सर्व्हे म्हणून "पॉस १ रेड" निवडा, साइज १५ बाय १५ आर्कमिनिट ठेवा, आणि फाइल फिट्स या खगोलशास्त्राच्या फॉरमॅटमध्येच उतरवा. जेपेग किंवा जिफ घेऊ नका, त्यात आकाशातल्या जागेची माहिती नसते.

रेडच का, तर क्रॅबमध्ये दोन वेगळ्या गोष्टी चमकतात. आतला जो मऊसर निळसर उजेड आहे तो चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, आणि बाहेरचे जाळीसारखे तंतू आहेत ते हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या तापलेल्या वायूचे. मलबा म्हणजे हे तंतू. ते लाल फोटोत उठून येतात, आणि जुना फोटो लाल असेल तर नवाही लालच लागतो, निळा आणि लाल एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

फाइल उघडली की पहिल्यांदा हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती, बघा. त्यात डेट-ऑब्स नावाची ओळ असते, ती प्लेट ज्या रात्री घेतली ती तारीख. ती वहीत लिहून ठेवा, दशांशात, म्हणजे जुलैच्या सुरुवातीची असेल तर साल अधिक ०.५ असं. "पन्नासच्या दशकातला फोटो" एवढ्या अंदाजावर पुढं जाऊ नका, चार-पाच वर्षं इकडंतिकडं झाली तर उत्तर पन्नास-साठ वर्षांनी हलतं.

नवा फोटो

दुर्बीण नसेल तर पॅन-स्टार्स सर्व्हेचा आर फिल्टरचा फोटो घ्या, तो २०१० नंतरचा आहे, तपशील आपल्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी बारीक, फिट्समध्ये फुकट. त्यात साठेक वर्षांचा फरक मिळतो, काम भागतं. पण ज्याच्याकडं दुर्बीण आहे त्यानं स्वतःचाच फोटो काढावा असं माझं अगदी मनापासून म्हणणं आहे, उत्तरात निम्मा वाटा आपल्या अंगणातला असला की त्याची गोडी वेगळी.

कोल्हापूरकरांना यात एक मोठा फायदा आहे. क्रॅब साधारण २२ अंश उत्तरेला, आपण १६.७ अंशावर, त्यामुळं तो बरोबर डोक्यावरनं जातो, खस्वस्तिकापासून पाच-साडेपाच अंश उत्तरेला. हवेचा थर सगळ्यात पातळ. डिसेंबरच्या मध्यात तो रात्री साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो, जानेवारीच्या मध्यात साडेदहाला, फेब्रुवारीत साडेआठला. शोधायला सोपा, रोहिणी बघा, वृषभाची शिंगं बघा, दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाला झीटा टॉरी हा तारा, त्याच्यापासनं एक अंशभर वायव्येला. दुर्बिणीचं माउंट (ताऱ्यांमागं फिरणारी बैठक) जर्मन इक्वेटोरियल असेल तर माथ्यावरनं जाताना त्याला पलटी मारावी लागणार, त्या वेळी जवळ थांबा, केबल अडकतात.

जागेचं म्हणाल तर शहरात गच्चीवरनंही होतं, पण मग ड्युअल-बँड फिल्टर पाहिजेच, हायड्रोजन-अल्फा (तापलेल्या हायड्रोजनचा लाल उजेड) जाऊ देणारा. फिल्टर नसेल तर गाव सोडा. राधानगरी-दाजीपूरकडचं आकाश अजून चांगलं काळं आहे, अभयारण्यात रात्री जायचा विचारसुद्धा करू नका, बाहेर ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर तिथं मांडा, आणि गवे येतात त्या भागात, तेव्हा घरमालकाला विचारल्याशिवाय रात्री बांधावर फिरू नका. पन्हाळ्यावर वारा आणि लॉजचे दिवे दोन्ही त्रास देतात, मसाई पठाराकडं बरं पडतं. आणि आपला क्रॅबचा सीझन आणि उसाचा सीझन नेमका एकच. रात्रभर उसाच्या ट्रॅक्टरांचे दिवे रस्त्यावर, कुठं पाचट पेटवलेलं असतं, पहाटे नदीकाठी धुकं. रस्त्यापासून आत, आणि कारखान्याच्या वाऱ्याच्या बाजूला नसलेली जागा बघा. दव तर इतकं पडतं की मध्यरात्रीनंतर ट्यूबवरनं पाणी ओघळतं, लेन्सला किंवा फाइंडरला हीटरची पट्टी नसेल तर तासाभरात तारे फुगायला लागतात आणि आपल्याला वाटतं फोकस हलला.

सामान किती मोठं लागतं? हा हिशोब आधीच करता येतो. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, गुणिले २०६, भागिले दुर्बिणीची फोकल लेन्थ मिलिमीटरमध्ये, की एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद ते मिळतं. ३.७६ मायक्रॉनचा कॅमेरा आणि १००० मिलिमीटरची आठ इंची न्यूटनियन असेल तर पाऊण आर्कसेकंदाच्या थोडं वर. म्हणजे १३ आर्कसेकंद सरकणं तुमच्या फोटोत १७ पिक्सेल. लहान ८० मिलिमीटरचा रिफ्रॅक्टर, फोकल लेन्थ ४८० असेल तरी आठ पिक्सेल येतात. दोन्हींनी चालतं.

दोन-तीन मिनिटांच्या फ्रेम्स घ्या, एकूण दोन-तीन तास जमले तरी पुरे, सिरिल किंवा डीपस्काय स्टॅकरमध्ये स्टॅक करा, म्हणजे सगळ्या फ्रेम्स एकत्र करून एक फोटो बनवा. आणि तिथंच थांबा. शार्पनिंग, डीकन्व्होल्यूशन, एआयनं नॉइज काढणं, तारे पुसणं, यातलं काहीही करू नका. ग्रुपवर टाकायच्या फोटोसाठी ते करा खुशाल, पण मोजायच्या फोटोला हात लावायचा नाही. ही साधनं तंतूंचे आकार आपल्या मनानं बदलतात आणि आपण तर नेमका तोच आकार मोजणार असतो.

दोन्ही फोटो एकावर एक बसवा

तुमचा फोटो एस्टॅपमध्ये किंवा सिरिलमध्ये प्लेट-सॉल्व्ह करा, म्हणजे फोटोतल्या प्रत्येक बिंदूला आकाशातला पत्ता मिळतो. मग डीएस९ हे फिट्स फोटो बघायचं फुकट सॉफ्टवेअर उघडा, जुना फोटो एका फ्रेममध्ये, नवा दुसऱ्या, "मॅच फ्रेम" मध्ये डब्ल्यूसीएस (आकाशातल्या पत्त्यानुसार जुळवणं) निवडा आणि ब्लिंक चालू करा, म्हणजे दोन्ही फोटो आलटूनपालटून दिसतात.

इथं दोन मिनिटं काहीही न मोजता नुसतं बघा. आजूबाजूचे तारे जागच्या जागी, आणि मधला मलबा फुगतोय, आत जातोय, परत फुगतोय. वायव्येच्या कडेला एखादी गाठ डोळ्यात भरते, जुन्या फोटोत ती एका बारीक ताऱ्याच्या अलीकडं असते, नव्यात त्या ताऱ्याला चिकटायला आलेली. सगळ्या दिशांना हेच. आपल्या आजोबांच्या तरुणपणापासून आजपर्यंत एवढं सरकलंय. हे ज्याला दिसलं त्याला पुढचं आकडेमोडीचं काम कंटाळवाणं वाटत नाही.

आता कंटाळवाणं पण अत्यावश्यक काम. जुन्या प्लेटचा पत्ता आर्कसेकंदभर चुकलेला असू शकतो, शिवाय दोन फोटोंचं स्केल किंचित वेगळं निघालं तर ते अगदी पसरण्यासारखंच दिसतं. म्हणून मलब्याच्या आसपासचे पंधरा-वीस अंधुक तारे निवडा, दोन्ही फोटोंत त्यांच्या जागा मोजा, डीएस९ मध्ये गोल रीजन टाकून सेंट्रॉइड, म्हणजे ताऱ्याच्या उजेडाचा मध्य, घेतला की जागा मिळते. तेजस्वी तारे टाळा, जुन्या प्लेटवर ते भाजून पसरलेले असतात आणि बऱ्याचदा जवळचे असल्यानं स्वतःच जास्त सरकतात. ताऱ्यांचा सरासरी फरक शून्याच्या जवळ आला पाहिजे. नसेल तर जेवढा असेल तेवढा सगळ्या मापांतनं वजा करा. आणि ताऱ्यांमध्येही बाहेर जाईल तसा फरक वाढताना दिसला तर ती स्केलची गडबड, तीही वजा करायची.

गाठी मोजा, कड मोजू नका

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. नवखा माणूस काय करतो, जुन्या फोटोत नेब्युलाची लांबी मोजतो, नव्यात मोजतो, वजाबाकी करतो. पण नेब्युलाची कड म्हणजे काही भिंत नव्हे, उजेड हळूहळू कमी होत काळ्यात मिसळतो, जास्त एक्सपोजर दिलं की कड बाहेर सरकलेली दिसते, स्क्रीनचा कॉन्ट्रास्ट बदलला तरी सरकते. तुमचा तीन तासांचा स्टॅक आणि पालोमारची काच यांची कड एकसारखी असूच शकत नाही.

म्हणून तंतूंवरच्या बारीक, घट्ट, तेजस्वी गाठी शोधायच्या, ज्या दोन्ही फोटोंत तीच गाठ म्हणून ओळखू येतात. वीसेक तरी घ्या. सगळ्या दिशांनी घ्या, एकाच बाजूच्या घेऊ नका, आणि मधल्यांपेक्षा बाहेरच्या जास्त, कारण केंद्राजवळच्या गाठी बहुतांशी आपल्या दिशेनं किंवा उलट जातायत, आडव्या सरकत नाहीत. एखादी गाठ दोन फोटोंत वेगळ्या आकाराची वाटली, शंका आली, तर सोडून द्या. प्रत्येक गाठीला नंबर द्या, आणि पूर्व-पश्चिम जागा आणि उत्तर-दक्षिण जागा आर्कसेकंदात, दोन्ही फोटोंतल्या, एक्सेलमध्ये चार कॉलम करून भरा. शून्य कुठंही धरा, फक्त दोन्ही फोटोंना तेच. मध्ये जे दोन तारे शेजारी-शेजारी दिसतात त्यातला नैऋत्येचा तारा म्हणजे खुद्द पल्सार, त्या फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, सेकंदाला तीस वेळा गरगरणारा. १९६८ मध्ये तो पल्सार असल्याचं कळलं. त्याची जुन्या फोटोतली जागा दोन्हीकडं शून्य धरली तर सोयीचं जातं.

एक काम आणखी करा, दोन-तीन दिवसांनी मागचे आकडे न बघता त्याच गाठी परत मोजा. दोन वेळच्या मापात जो फरक येईल तीच तुमची खरी अचूकता.

साल काढा

आता पूर्व-पश्चिमेचा ग्राफ काढा, आडव्या अक्षावर गाठीची जुनी जागा, उभ्या अक्षावर ती किती सरकली ते. ठिपके एका तिरक्या रेषेवर पडायला लागतात, म्हणजे जी गाठ दुप्पट लांब ती दुप्पट सरकलेली. स्फोटात सगळं एकाच जागेवरनं एकाच वेळी निघालं तर असंच व्हायला पाहिजे. एक्सेलचं स्लोप फंक्शन त्या रेषेचा उतार देतं. उत्तर-दक्षिणेचंही तसंच करा आणि दोन्ही उतारांची सरासरी घ्या. या पद्धतीत स्फोटाचं केंद्र नेमकं कुठं होतं ते आधी माहिती असावं लागत नाही, रेषा जिथं शून्याला छेदते तेच केंद्र. ते पल्सारपासनं थोडं बाजूला निघालं तर दचकू नका, पल्सार स्वतःही एवढ्या वर्षांत सरकलाय.

समजा जुना फोटो १९५१ चा, नवा २०२५ चा, फरक ७४ वर्षं, आणि उतार आला ०.०९. मग ७४ भागिले ०.०९ म्हणजे ८२२. याचा अर्थ याच वेगानं मागं गेलं तर १९५१ च्या ८२२ वर्षं आधी सगळा मलबा एका बिंदूत होता. साल येतं ११२९.

आणि इथं माणूस गडबडतो. चिन्यांनी तर १०५४ लिहिलंय! मग काहीतरी चुकलं म्हणून लोक गाठी गाळायला लागतात, तारखा हलवायला लागतात, आणि ओढूनताणून १०५४ काढतात. असं अजिबात करू नका. १९६८ मध्ये व्हर्जिनिया ट्रिंबल यांनी अतिशय काळजीपूर्वक हेच माप घेतलं आणि त्यांना ११४० च्या आसपास साल मिळालं, नंतरच्या मोजणीतही ११३० च्या आसपासच येत गेलं. तुमचं चुकलेलं नाही.

नीट विचार करा. मलबा निघाल्यापासनं एकाच वेगानं चालला असता तर हिशोब बरोबर १०५४ वर आला असता. आजूबाजूच्या वायूत घुसून मंदावला असता तर आजचा कमी वेग धरून आपण वय जास्त काढलं असतं आणि साल १०५४ च्या आधीचं आलं असतं. पण येतंय नंतरचं. म्हणजे मलबा आज सुरुवातीपेक्षा जोरात पळतोय, मागनं कुणीतरी ढकलतंय. आणि ढकलणारा मध्येच बसलाय, तो पल्सार. त्याच्यातनं सतत निघणारी ऊर्जा नेब्युलाला आतनं फुगवते. पाऊणशे वर्षांचा तो "चुकलेला" फरक म्हणजे या सगळ्या मोजणीतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, ती दुरुस्त करून टाकली तर हातातलं घालवलंत.

फक्त तो फरक खरा आहे हे दाखवण्याएवढी तुमची अचूकता पाहिजे. वीस गाठी आणि प्रत्येकीत एक आर्कसेकंदाची चूक धरली तर सालात साधारण वीस वर्षांची अनिश्चितता येते, म्हणजे ११२९ आणि १०५४ वेगळे ओळखू येतात. पाचच गाठी घेतल्या तर ती दुप्पट होते आणि मग ठामपणे काही बोलता येत नाही. एक्सेलचं लाइनएस्ट फंक्शन उताराची अनिश्चितताही देतं, ती लिहिल्याशिवाय साल कुणाला सांगू नका.

पुढं जायचं असेल तर अंतर

गाठींचं सरकणं आणि खरा वेग दोन्ही माहिती असले की अंतर निघतं. वेग किलोमीटर प्रति सेकंद, भागिले ४.७४, भागिले वर्षाला किती आर्कसेकंद सरकतं ते, उत्तर पार्सेकमध्ये (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). १५०० आणि ०.१६ घातले तर १९७८ पार्सेक, गुणिले ३.२६, सुमारे ६४५० प्रकाशवर्षं.

वेग मात्र फोटोतनं मिळत नाही, त्याला स्पेक्ट्रम, म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करून काढलेला पट्टा, लागतो. नेब्युलाच्या मधोमध स्पेक्ट्रोस्कोपची स्लिट (बारीक फट) ठेवली की पुढचा मलबा आपल्याकडं येतोय आणि मागचा लांब जातोय, त्यामुळं प्रत्येक रेषा दुभंगलेली दिसते. ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची (हे उजेडाच्या तरंगलांबीचं एकक) रेषा १५०० च्या वेगाला दोन्हीकडं पंचवीस-पंचवीस अँगस्ट्रॉम सरकते. शेजारीच ४९५९ ची रेषा आहे, तिचा लालकडं सरकलेला भाग आणि ५००७ चा निळ्याकडं सरकलेला भाग जवळजवळ एकमेकांवर येतात, ते बघून गोंधळू नका. हायड्रोजन-अल्फावर तर नायट्रोजनच्या दोन रेषांची आणखी गर्दी, म्हणून नवख्यानं ऑक्सिजनच घ्यावा. स्पेक्ट्रोस्कोप नसेल तर प्रसिद्ध झालेला १५०० चा आकडा वापरा, पण वेग आपण मोजलेला नाही हे लिहून ठेवा.

या अंतरात एक अडचण राहतेच. क्रॅब गोल नाही, लांबट आहे, एका बाजूनं वर्षाला जास्त सरकतो, दुसऱ्या बाजूनं कमी. आपल्या दिशेनं त्याची लांब बाजू आहे की आखूड, हे सपाट फोटोतनं कळत नाही, त्यामुळं सरकण्याचा कुठला आकडा वेगाशी जोडायचा हा प्रश्न उरतो. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनाही अशा मोजणीत दोन हजार पार्सेकला पाचशे इकडंतिकडं असं लिहावं लागलंय. तुम्ही लांब बाजूचा एक आणि आखूड बाजूचा एक असे दोन हिशोब करा, दोन्ही उत्तरं द्या, आणि खरं अंतर या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी असावं असं लिहा.